‘वर्क’ला ‘एस’ लावण्याआधी जरा थांबा

संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेतो, कराडात. नवीन पोरगं आलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, टेन्स कधी घेणार?’ बारा काळ घोकून आलेली असतात ही मुलं. आणि पहिल्याच रजेच्या अर्जात लिहितात, ‘आय हॅव अ वर्क ॲट होम.’ पास्ट परफेक्ट कंटिन्युअस येतं, ‘काम’ येत नाही.

चूक मराठीतून येते हे उघड आहे. आपल्याकडे कामं मोजता येतात. एक काम आहे, दोन कामं राहिलीत, बँकेतली चार कामं उरकली. इंग्रजीतलं ‘वर्क’ मात्र पाण्यासारखं आहे, मोजायचं नाही. मी मुलांना एवढंच सांगतो, वाक्यात ‘वर्क’च्या जागी ‘वॉटर’ ठेवून बघा. ‘अ वॉटर’ म्हणाल का? नाही ना, मग ‘अ वर्क’ही नाही. ‘मेनी वॉटर्स’ नाही, म्हणून ‘मेनी वर्क्स’ नाही. ‘सम वॉटर’, ‘अ लॉट ऑफ वॉटर’ चालतं, तसं ‘सम वर्क’, ‘अ लॉट ऑफ वर्क’ चालतं. व्याकरणाच्या पुस्तकात याला मोठं नाव आहे, पण नाव पाठ करून चूक सुटलेली मी पाहिलेली नाही. (एकाने लगेच विचारलं होतं, ‘पण सर, हॉटेलात दोन पाणी म्हणतोच की!’ त्याला म्हटलं, तू आधी हॉटेलातून बाहेर ये.)

आता किस्सा. माझा एक जुना विद्यार्थी एका मशीन शॉपच्या ऑफिसात लागला. पार्ट बनवून परदेशी पाठवणारा छोटा कारखाना. इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकाच्या तीन ऑर्डरी पूर्ण झाल्या. आपल्याकडे ऑफिसात ‘काम क्लोज केलं’ म्हणतात, तसं पठ्ठ्यानं मेलमध्ये लिहिलं, ‘सर, ऑल अवर वर्क्स आर क्लोज्ड.’ त्याला वाटलं आपण खुशखबर दिली. तिकडून दुपारीच फोन, तोही थेट मालकाला. आमचा उरलेला माल कुठे आहे, आगाऊ दिलेल्या पैशाचं काय, कामगारांचा संप आहे का?

कारण इंग्रजीत ‘वर्क्स’ म्हणजे कारखाना. पोरानं सरळ कळवलं होतं की आमचे सगळे कारखाने बंद झालेत.

मला राग त्याच्या चुकीचा आला नाही, त्याच्या टेबलावरच्या कागदाचा आला. तो रोज कोटेशन टाइप करायचा आणि प्रत्येकात भावापुढे ‘एक्स-वर्क्स’ लिहायचा. म्हणजे हा भाव कारखान्याच्या दारातला, पुढची वाहतूक तुमची. दोन वर्षं तो शब्द रोज लिहिला, पण हा ‘वर्क्स’ कोण हे एकदाही विचारलं नाही. आणि कराडच्या पोरानं तरी हे विचारायची गरजच पडू नये. शेजारी ओगलेवाडी आहे. 1916 साली तिथे उभा राहिलेला, प्रभाकर कंदिलाचा कारखाना म्हणजे ‘ओगले ग्लास वर्क्स’. पुण्याचं ‘पर्वती वॉटर वर्क्स’ घ्या, तळेगावचं ‘पैसा फंड ग्लास वर्क्स’ घ्या. आपल्या आजोबांना हा ‘वर्क्स’ नीट माहीत होता.

गंमत म्हणजे त्याच शॉपमध्ये लेथवरचा ऑपरेटर, दहावी नापास, बरोबर इंग्रजी बोलतो. ‘आज सहा जॉब काढले.’ कामं मोजायची असतील तर इंग्रजीत हाच शब्द लागतो, ‘जॉब’ किंवा ‘टास्क’. ‘टू जॉब्ज आर पेंडिंग’ म्हणा, खुशाल म्हणा. ऑफिसातल्या पदवीधरानं खाली जाऊन दहा मिनिटं उभं राहिलं असतं तरी फोन टळला असता.

मोबाइलमधलं स्पेलिंग तपासणारं यंत्र इथे वाचवत नाही. ‘वर्क्स’ हा शब्द खरा आहे, स्पेलिंग बरोबर आहे, मग लाल रेघ येणार कुठून? रेघ नाही म्हणजे वाक्य बरोबर, असं समजणारी मंडळी माझ्याकडे दर बॅचला असतात. त्यांना मी मेल पाठवण्याआधी तो मोठ्याने वाचायला लावतो. कंटाळा येतो त्यांना. येऊ दे.

दुसरी चूक मला पहिलीपेक्षा जास्त खुपते, कारण ती ‘वॉटर’नंही सुटत नाही. ‘सर, आय हॅव वर्क विथ यू.’ मराठीत ‘माझं तुमच्याकडे काम होतं’ हे वाक्य किती नाजूक आहे बघा. काम म्हणजे विनंती, अडचण, सही, उसने पैसे, काहीही. ‘काय काम काढलंत?’ असं आपण पाहुण्याला प्रेमानं विचारतो. इंग्रजी ‘वर्क’मध्ये यातलं काहीच नाही, त्यात फक्त राबणं आहे. म्हणून ‘काम’ला ‘वर्क’ हा प्रतिशब्द लावून चालायचं नाही, काय काम ते सांगायचं. ‘आय नीड युवर सिग्नेचर.’ ‘कॅन आय टॉक टू यू फॉर अ मिनिट?’ ‘बँकेत काम आहे’ असेल तर ‘आय हॅव टू गो टू द बँक’, पुरे. तीस दिवसांत इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांनी डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी अशा याद्या देऊन हे नुकसान केलंय. यादी पाठ करणाऱ्याला घाई असते आणि घाई असलेल्याला यादीच आवडते.

बाकीच्या चुका एकेका ओळीत.

‘होमवर्क्स’, ‘पेपरवर्क्स’ नाही. ‘एस’ काढा.

‘आय ॲम गोइंग टू द वर्क’ नाही, ‘गोइंग टू वर्क’. ऑफिसला मात्र ‘द’ लागतो, ‘टू द ऑफिस’. का, हे मला विचारू नका, बोलून सवय करा.

काम ‘मेक’ करत नाहीत, ‘डू’ करतात.

‘पण सर, पी.डब्ल्यू.डी.मध्ये वर्क्स आहे!’ आहे. पब्लिक वर्क्स म्हणजे रस्ते, पूल, इमारती. डलहौसीनं 1854 साली ते खातं काढलं, मराठीत आपण त्याला सार्वजनिक बांधकाम म्हणतो. बांधकाम करत असाल तर तुम्हीही ‘वर्क्स’ लिहा. तसंच चित्र, शिल्प, ग्रंथ. लेखकाचे सगळे ग्रंथ मिळून ‘वर्क्स’ होतात आणि एक सुंदर शिल्प ‘अ वर्क ऑफ आर्ट’. रजेचा अर्ज यात बसत नाही.

आणि ‘पीस ऑफ वर्क’. केलेल्या कामाला ‘अ फाइन पीस ऑफ वर्क’ म्हणालात तर कौतुक होतं. पण तो शब्द माणसाला लावलात तर अर्थ होतो, अवघड प्रकरण आहे हे. आमच्या एका विद्यार्थिनीनं निरोप समारंभात मॅनेजरबाईंना स्टेजवरून सांगितलं, ‘मॅडम, यू आर अ रिअल पीस ऑफ वर्क.’ मॅडमचं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्या हसल्या, पण जरा उशिरा.