सात सीटांची गाडी बघायला निघण्यापूर्वी

टेस्ट ड्राइव्हसाठी घरातले सगळे मोकळे असतील असाच दिवस धरा. एकट्याने जाऊन स्टिअरिंगमागे बसून आलात तर फक्त पुढची सीट कळते, आणि सफारी घ्या, स्कॉर्पिओ-एन घ्या की इनोव्हा हायक्रॉस, पुढे बसल्यावर सगळ्याच आवडतात. आपण जादा पैसे मोजतो ते तिसऱ्या रांगेसाठी, तेव्हा तपासणी मागूनच सुरू करा.

आधी ड्रायव्हरची सीट तुमच्या सोयीने लावा, मग मधली रांग तिथे बसणाऱ्याच्या सोयीने, आणि उरलेल्या जागेत घरातल्या उंच माणसाला बसवा. उलट क्रमाने केलंत तर मागे उगाच ऐसपैस वाटतं. मागचा फ्लोअर उंच असला की गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार राहत नाही. हे पाच मिनिटांत जाणवत नाही. अर्धा तास तरी बसवा. डोकं छताला लागतं का, एसीची हवा पोचते का, चार्जिंगची सोय आहे का, हे त्यालाच विचारा. आजींना मात्र मधल्या रांगेत चढून-उतरून बघू द्या. साडी सावरताना हात धरायला हँडल हवं आणि पायरीही फार उंच नको. सनरूफचं कौतुक नंतर करता येईल.

मग कात्रजचा जुना घाट. सपाट रस्त्यावर फेरी मारून समाधान मानू नका. तिसरी रांग मागच्या चाकांच्या आसपास येते, त्यामुळे खड्ड्यांचे दणके तिथे जास्त बसतात. घरात ज्याला गाडी लागते त्याला मुद्दाम मागे बसवा. स्कॉर्पिओ-एन लॅडर फ्रेमवर आहे, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेली, खराब रस्त्याला दणकट. सफारी मोनोकॉक आहे, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकच. एक चाकणला बनते, एक पिंपरीला, दोन्ही आपल्याच वाटतात, पण निवड मागे बसलेल्यांना करू द्या.

निघताना दोन-तीन रिकाम्या बॅगा बरोबर घ्या. तिसरी रांग उभी ठेवून डिकीत त्या मावतात का ते बघा, कारण गणपतीला गावी जाताना माणसंही असतात आणि सामानही. माझ्या मते या गाड्यांची सगळ्यात मोठी उणीव हीच.

भारत एनकॅप या अपघात-सुरक्षेच्या सरकारी चाचणीत सफारीला डिसेंबर २०२३ मध्ये पाच तारे मिळाले, ही जमेची बाजू. तरी कुठलीही गाडी घेताना पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येते का, हे तुमच्या व्हेरिएंटपुरतं लेखी मागा. ऑन-रोड किंमतही लेखीच घ्या. आपल्याकडे महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या गाडीला डिझेलवर १४ टक्के आणि पेट्रोलवर १२ टक्के रोड टॅक्स पडतो.

शेवटी मोजपट्टी. सफारी आणि स्कॉर्पिओ-एन आरसे सोडून १.९ मीटरहून रुंद आणि सुमारे ४.६६ मीटर लांब आहेत. सोसायटीतल्या दोन खांबांमधलं अंतर मोजाच, पण टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी आणून आपल्या पार्किंगमध्ये लावून, दोन्ही बाजूंची दारं उघडून बघणं जास्त चांगलं. शोरूमवाले नाही म्हणाले तर दुसरं शोरूम गाठा.