डोळ्यांना त्रास होतो? मग गेमिंग मॉनिटर असा बघा
स्क्रीनसमोर बसलं की डोळे चुरचुरतात, डोकं धरतं, अशांनी रिफ्रेश रेटच्या (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते त्याच्या) आधी फ्लिकर, म्हणजे स्क्रीनचं लुकलुकणं, बघा. काही मॉनिटर ब्राइटनेस कमी केला की बॅकलाइट भराभर चालू-बंद करतात, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात, दिसत नाही पण डोक्याला बरोब्बर कळतं, म्हणून डीसी डिमिंगवालाच, म्हणजे चालू-बंद न करता करंट कमी करून उजेड कमी करणारा, बघा. दुकानात ब्राइटनेस २०-३० टक्क्यांवर आणा, पांढरं पान उघडा आणि मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर १/१००० ठेवून कॅमेरा धरा, काळे पट्टे सरकताना दिसले की तो बाद. पॅनेलच्या प्रकारांत ओएलईडी दिसायला भारीच हो, पण व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे रिफ्रेश रेट बदलणारी सोय) चालू असताना अंधाऱ्या सीनमध्ये लुकलुकू शकतो, व्हीए पॅनेलचंही थोडंफार तेच, त्यापेक्षा मॅट (न चकाकणारा) आयपीएस पॅनेलवाला बरा. स्ट्रोबिंग मोड बंदच ठेवा, हलतं चित्र स्पष्ट दिसावं म्हणून तो मुद्दामच फ्लिकर करतो. आणि रिटर्न पॉलिसी बघा, खरा त्रास तास-दोन तास खेळल्यावरच कळतो.