नवतप्यात सुपरचार्जरवाली गाडी का झोपते, अन् ट्यूनिंग शिकायला सुरुवात कुठून करायची

निकाल लागले का दरवर्षी आमच्या भागातले चार-दोन पोट्टे फोन करतात, दादा इंजिन ट्यूनिंग शिकायचंय, कोणता कोर्स करू, लॅपटॉप कोणता घेऊ, मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकड्यांचे तक्ते) लिहिला का किती एचपी वाढते. सगळ्यांना मी एकच सांगतो, मॅप नंतर, आधी तापमान वाचायला शिका. काहींना वाटतं दादा टाळतोय. टाळत नाही. माझी या धंद्यातली पहिली पाच वर्षं हेच न कळल्यामुळे अर्धी वाया गेली, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

मी हिंगणघाट तालुक्यातला. घरी कपाशी अन् तूर. दहावीनंतर आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला, मग गावच्या ट्रॅक्टर गॅरेजमध्ये दीड वर्ष हात काळे केले. तिथले मिस्त्री सातवी शिकलेले, पण मे महिन्यात दुपारी कुणी तक्रार घेऊन आला, सकाळी बरोबर चालते अन् आता ट्रॉली वढत नाही, का ते म्हणायचे, "दुपारी इंजिनाले हवा पातळ भेटते गा, संध्याकाळी पाय." तेव्हा मी नुसता ऐकून घ्यायचो. पुढे पुण्यात परफॉर्मन्स गाड्यांच्या वर्कशॉपला लागलो अन् कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तेव्हा कळलं का मिस्त्रीचं वाक्य फिजिक्सच्या पुस्तकात बसतं.

हिशोब सोपा आहे, तुम्हीपण करून पाहा. २५ डिग्रीची हवा म्हणजे २९८ केल्विन, आपल्याकडची मे मधली ४५ डिग्री म्हणजे ३१८. दाब तोच धरला तर २९८ भागिले ३१८, म्हणजे त्याच सिलिंडरात हवा साधारण ६ टक्के कमी. साध्या इंजिनाचं नुकसान एवढ्यावर भागतं. सुपरचार्जरवाल्या गाडीत खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, कारण सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरून सिलिंडरात जास्त हवा कोंबणारा ब्लोअर, तो हवा दाबतो अन् दाबलेली हवा तापतेच, सायकलीत हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला लागतं ना गरम, तेच. समजा बूस्ट, म्हणजे ब्लोअरने वरून दिलेला दाब, ०.६ बार, म्हणजे बाहेरच्या दाबाच्या १.६ पट. ब्लोअर एकदम आदर्श असता तर ४५ ची हवा ४६ डिग्रीने वाढली असती, पण रूट्स पद्धतीचा ब्लोअर ६० टक्के कार्यक्षम धरला तर वाढ होते ७६ डिग्री, म्हणजे इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी हवा १२० च्या आसपास. हाच हिशोब २५ डिग्रीच्या सकाळी केला तर ९६-९७ येतो. आता लोक काय करतात, लहान पुली बसवतात, ब्लोअर जास्त फिरतो, बूस्ट ०.८ होतो, अन् आपल्या उन्हात तेच तापमान १४० च्या वर जातं. बूस्टच्या काट्यावर दाब वाढलेला दिसतो अन् माणूस खूश होतो, पण दाब म्हणजे हवा नाही. गरम हवेचा दाबपण काट्यावर छानच दिसतो.

रूट्स हे नाव अमेरिकेतल्या इंडियानातल्या दोन भावांचं, त्यांनी १८६० मध्ये ब्लोअरचं पेटंट घेतलं. आता ट्विन-स्क्रू अन् सेंट्रिफ्यूगल पण असतात अन् त्या प्रकारांत हवा तुलनेने कमी तापते, पण व्ही-८ इंजिनांमध्ये रूट्स अन् ट्विन-स्क्रू ब्लोअर सहसा सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीतच बसवलेला असतो, म्हणजे चुलीवरच ठेवलाय म्हणा ना. गाडी पेट्रोल पंपावर दहा मिनिटं बंद ठेवली का खालची उष्णता वर चढते, ब्लोअरचं अख्खं ॲल्युमिनियम तापतं, परत सुरू केली तर सुरुवातीलाच इनटेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं, तापमान ७० दाखवतं. यालाच हीट सोक म्हणतात.

अन् मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, काय करतो ते नीट समजून घ्या, कारण ट्यूनिंगचं मर्म इथंच आहे. गरम हवेत पेट्रोल स्पार्कच्या जोरावर नाही तर आपोआप पेटायला बघतं, त्याला नॉकिंग म्हणतात, पिस्टनवर हातोडा मारल्यासारखं. ते होऊ नये म्हणून ईसीयू इनटेक तापमान पाहून आधीच टायमिंग मागे घेतो, म्हणजे स्पार्क उशिरा पाडतो, नॉक सेन्सरला काही ऐकू आलं तर अजून घेतो. टायमिंग मागे गेलं का जळण उशिरा होतं, ताकद पिस्टनला मिळायच्या ऐवजी उष्णता होऊन एक्झॉस्टमध्ये जाते, मग धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला ईसीयू मिश्रण अजून श्रीमंत करतो, म्हणजे पेट्रोल जास्त सोडतो. म्हणजे हवा पातळ झाल्याचं नुकसान वेगळं अन् टायमिंगचं वेगळं, अन् गाडी झोपली असं जे ड्रायव्हरला जाणवतं त्यात टायमिंगचाच वाटा मोठा.

माझी चूक सांगतो. पुण्यात दुसऱ्या वर्षी एका गाडीला मी डिसेंबरच्या सकाळी ट्यून केलं होतं, बाहेर १४ डिग्री, इनटेक तापमान ३८ च्या वर गेलंच नाही. गाडी इतकी छान चालली का मी दोन डिग्री (ही डिग्री क्रँकच्या फिरण्याची) टायमिंग वाढवलं, वरून तापमानानुसार टायमिंग कमी करायचा जो टेबल असतो तो पण ढिला केला, ईसीयू उगाच घाबरतो असं तेव्हा वाटायचं. गाडीचे मालक अकोल्याचे. मे मध्ये गाडी टो होऊन आली, तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची रिंगा बसतात ती कड तुटलेली. तो तुकडा मी ठेवून घेतलाय, नखाएवढा आहे, कडेला राखाडी खरबरीत. कंपनीच्या इंजिनिअरांनी तो टेबल कुठेतरी रखरखत्या वाळवंटात गाडी पळवून भरलेला असतो अन् मी थंडीतल्या तीन रनवर तो खोडला. तेव्हापासून ५० डिग्रीच्या वरच्या ओळींना, स्वतः त्या तापमानाचा लॉग (चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद) घेतल्याशिवाय हात लावत नाही. तुम्हीपण लावू नका.

आता एक केस, जवळून. गेल्या वर्षी नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, नागपूरहून एक सुपरचार्जरवाली व्ही-८ कूपे आली. तक्रार अशी का समृद्धीवर सुरुवातीला झकास, वीस मिनिटांनी पिकअपच नाही. त्याआधी एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं का ट्यून बिघडलंय, परत मॅप करू. मी लॅपटॉप उघडलाच नाही. आधी ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून लागोपाठ तीन रन घेतले. इनटेक तापमान पहिल्यात ६१, दुसऱ्यात ७९, तिसऱ्यात ९६, अन् टायमिंग २१ वरून ११ वर. मग बॉनेट उघडून पुढच्या छोट्या रेडिएटरचे पाइप हाताने पाहिले. या गाड्यांमध्ये इंटरकूलर पाण्याचा असतो, त्याचा वेगळा पंप अन् पुढे वेगळा रेडिएटर. पाणी नीट फिरत असेल अन् रेडिएटरच कमी पडत असेल तर दोन्ही पाइप जवळजवळ सारखेच गरम लागतात. इथं इंजिनाकडचा भाग बोट टेकवू देईना अन् रेडिएटर नुसता कोमट. म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. पंपाला करंट येत होता, आवाज पण होता, पण आत हवा अडकलेली. कधीतरी कूलंट बदलताना लाइनमधली हवा काढायचीच राहिली होती. व्हॅक्यूम लावून परत भरलं, तेच तीन रन परत घेतले, तिसऱ्याला ६८. मॅप हातपण न लावता तसाच राहिला.

म्हणून नवीन पोरांनी पहिली गोष्ट घ्यायची ती साधं डोंगल. इनटेक तापमानाचा कोड ०एफ, टायमिंगचा ०ई. गाडी एक बाइट देते, त्यातून ४० वजा केले का डिग्री सेल्सिअस, ९५ आले म्हणजे ५५ डिग्री. हे ॲप आपोआप करतं, पण एकदा हाताने करा, आकडा कुठून येतो ते कळतं. अन् सेन्सर कुठं बसवलाय ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये शोधाच, फिल्टरजवळचा सेन्सर ब्लोअरच्या आधीची हवा सांगतो, कामाचा तो इंटरकूलरनंतरचा. दोघांची गल्लत करून ठेवलेले लॉग मी ढिगाने पाहिलेत.

आपल्या भागासाठी खास एक. कूलंट अन् पाणी अर्धं-अर्धं टाकायची सवय थंड देशातली, तिथं पाणी गोठतं. ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं न गोठू देणारं रसायन, जितकं जास्त तितकं पाणी कमी उष्णता उचलतं. इंटरकूलरच्या वेगळ्या लाइनमध्ये डिस्टिल्ड पाणी जास्त, ग्लायकॉल कमी अन् गंज रोखणारं ॲडिटिव्ह बरोबर, असं मी गाडीच्या मॅन्युअलमध्ये चालतं का ते पाहून करतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी कधीच नाही, आपल्याकडे क्षार इतके का कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो, तोच आत बसेल. अन् साधं पेट्रोल टाकून १०० ऑक्टेनचा (नॉकिंगला जास्त दाद न देणाऱ्या पेट्रोलचा) मॅप चालवायचा नाही, नागपुरात १०० चं मिळालं म्हणून आर्वीला मिळेलच असं नाही, मालकाला हे तोंडावर विचारा.

मोठ्या कंपन्यापण याच उन्हाशी झगडतात हे ध्यानात ठेवा. शेव्हरोले कॉर्व्हेट झी०६ ला २०१७ च्या मॉडेलमध्ये बॉनेटचे व्हेंट मोठे केले अन् सुपरचार्जरचं झाकण बदललं. २०१८ च्या डॉज डीमनमध्ये तर एसीचा गॅसच इंटरकूलरचं पाणी थंड करायला वळवला. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, का आपण गावाकडं जे सोसतो तो खरोखरचा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे.

डायनोच्या, म्हणजे जागेवरच गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यांचं पण सांगून ठेवतो. एसएई जे१३४९ नावाच्या करेक्शनमध्ये आकडा २५ डिग्रीला आणून दाखवतात. शेडमध्ये ४४ असेल तर नुसत्या तापमानापोटी जवळजवळ पावणेचार टक्के वरून मिळतात. ईसीयूने टायमिंग किती मागे घेतलं हे त्या सूत्राला माहीत नसतं. म्हणून करेक्टेड अन् अनकरेक्टेड दोन्ही आकडे, सोबत इनटेक तापमान, हे तिन्ही मागायचे. पंखा कितीही मोठा लावला तरी हायवेवरचा वारा शेडमध्ये येत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात. आयटीआय किंवा डिप्लोमा चालतो, मेकॅनिकल डिग्री असली तर कंपन्यांच्या कॅलिब्रेशन विभागाची दारं उघडतात, तिथं ईटास कंपनीचं इन्का सॉफ्टवेअर वापरतात. इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या बाहा किंवा फॉर्म्युला (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरायच्या स्पर्धा) टीममध्ये घुसाच, पिथमपूरच्या नॅट्रॅक्स टेस्ट ट्रॅकवर गाडी घेऊन गेलेला पोरगा अन् नुसते मार्क घेऊन आलेला पोरगा यात मुलाखत घेणाऱ्याला फरक दिसतो. एक्सेल पक्कं करा, इंग्रजी वाचता येईल इतपत करा, बोलणं होते हळूहळू. अन् मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, गाडीत काय बदलता येतं अन् काय नाही हे गिऱ्हाइकाला सांगायची जबाबदारी आपलीच असते.

पुण्याला कामाला जायच्या आधी एक मे महिना गावातच काढा. कुणाची टर्बोवाली साधी गाडी मिळाली तरी चालते, मालकाला शेजारी बसवून पहाटे पाचला, दुपारी तीनला अन् रात्री नऊला त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये लॉग घ्या. स्पीड लिमिट पाळून दुसऱ्या गिअरमध्येही भरपूर दिसतं. तिन्ही लॉग एकाच ग्राफवर काढून प्रिंट घ्या अन् मुलाखतीला सर्टिफिकेटच्या वर ठेवा. आमच्या वर्कशॉपमध्ये मागच्या जूनमध्ये आर्वीचा एक पोट्टा असा ग्राफ घेऊन आला होता, दुपारी तीनच्या रेघेला त्याने पेन्सिलने बाजूला लिहिलेलं, इथं रेल्वे फाटक लागलं, गाडी आठ मिनिटं उभी. सोमवारपासून तो कामाला आला.