गांडुळांचा डबा: आधी बिछाना, मग खाणं

ओल्या कचऱ्याचं खत करणारा घरचा गांडुळांचा डबा बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: पहिल्याच आठवड्यात घरातला सगळा ओला कचरा त्यात रिता केला जातो. गांडुळं ताजा कचरा खात नाहीत. आधी जिवाणू आणि बुरशी तो मऊ करतात, मग गांडुळं तो गिळतात. त्या कामाला वेळ द्यावाच लागतो.

डबा 40-50 लिटरचा, पसरट, प्रकाश आत न जाणारा घ्या. खोल पिंप नको. खतातली गांडुळं वरच्या थरात वावरतात आणि तळ हवेविना सडतो. झाकणाखाली चहूबाजूंनी 5-6 मिलिमीटरची वीसेक भोकं पाडा, तळाला दहा-बारा. डबा दोन विटांवर, खाली ताट.

बिछान्यासाठी साध्या पुठ्ठ्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या आणि भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मिळून 20 सेंटिमीटरचा थर. त्यात दोन मुठी माती मिसळा. गांडुळाला दात नसतात, पोटातल्या पेषणीत अन्न दळायला मातीचे कण लागतात. बिछाना मुठीत घट्ट दाबला की एक-दोन थेंब पडावेत. धार लागली तर कोरडा पुठ्ठा घाला. अगदी कोरडाही नको, कारण गांडूळ ओल्या त्वचेतूनच श्वास घेतं. दोन-तीन दिवस मुरू द्या.

अंगण खणून काढलेली गांडुळं इथे सहसा टिकत नाहीत. आयसेनिया फेटिडा ही खताची लाल जात अर्धा किलो आणा. सुरुवातीला रोज 100 ग्रॅम कचरा पुरे, महिन्याभराने 200. बारीक चिरून एका कोपऱ्यात पुरा, वर पुठ्ठा पसरा; पुढच्या वेळी दुसरा कोपरा. आधीचं साल अजून ओळखू येत असेल तर नवीन घालू नका, हा नियम वजनकाट्यापेक्षा भरवशाचा. लिंबाच्या साली आणि कांदा फार नको. मीठ-तेलाचं, मांस, दूध अजिबात नको.

आंबूस वास आला की खाणं आठवडाभर बंद, बिछाना हलक्या हाताने मोकळा करा, पुठ्ठा वाढवा. चिलटं झाली म्हणजे कचरा उघडा राहिलाय. गांडुळं घोळक्याने भिंतीवर चढली तर बिछाना आंबट, फार ओला किंवा गरम झालेला असतो. 15 ते 25 अंश त्यांना मानवतं. 35 च्या वर ती मरू लागतात, म्हणून डबा कायम सावलीत.

तीन-चार महिन्यांत बिछाना काळा, भुसभुशीत होतो आणि त्याला पावसानंतरच्या मातीचा वास येतो. तो एका बाजूला सारा, रिकाम्या बाजूला नवा बिछाना करून खाणं फक्त तिकडेच घाला. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक गांडुळं तिकडे सरकतात. जुनं खत काढताना मोहरीहून जरा मोठे, लिंबासारखे टोकांना निमुळते पिवळट दाणे दिसतील. ते कोष आहेत, एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतात. चाळू नका, वेचून नव्या बिछान्यात टाका.