‘जेपर्डी’ हा शब्द कुठे आणि कसा वापरावा

इंग्रजी बातमीत ‘इन जेपर्डी’ दिसलं की आपण मनात ‘धोक्यात’ म्हणतो आणि पुढे सरकतो. अर्थ लागतो खरा, पण स्वतः लिहायची वेळ आली की हात ‘डेंजर’कडेच जातो.

आधी उच्चार सुधारून घ्या. स्पेलिंगमध्ये ‘ई’नंतर ‘ओ’ आहे, म्हणून बरेच जण ‘जिओपार्डी’ म्हणतात. तो ‘ओ’ मुका आहे. म्हणायचं ‘जेपर्डी’, जोर ‘जे’वर.

मग शब्दाच्या मुळाकडे जा, कारण खरी किल्ली तिथेच आहे. जुन्या फ्रेंचमधल्या ‘खेळ’ आणि ‘विभागलेला’ या दोन शब्दांपासून तो बनला. म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी संधी असलेला डाव. बुद्धिबळातल्या कोड्यांनाही पूर्वी हाच शब्द वापरत. डाव कुणीकडेही फिरू शकतो, यातून आधी अनिश्चितता आणि पुढे धोका हा अर्थ आला. आपलं ‘पणाला लागणं’ही खेळातूनच आलेलं!

म्हणून वाक्य लिहिण्यापूर्वी विचारा: इथे काय पणाला लागलंय? नोकरी, अब्रू, करार, शिक्षणाचं वर्ष, शांततेची बोलणी असं काही हातचं जाणार असेल, तर जेपर्डी बसतो. पिसाळलेला कुत्रा अंगावर धावून आला, तर तो साधा डेंजर. जिन्यावर सांडलेलं तेल म्हणजे हॅझर्ड, कारण ते धोक्याचं कारण आहे. त्यावरून कुणी घसरण्याची शक्यता किती, हे मोजायला लागलात की रिस्क. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. पणाला आपण मुद्दाम लावतो. जेपर्डीत गोष्टी आपोआपही जातात.

वाक्यरचना सोपी आहे. ‘इन’ हवंच: ‘हिज जॉब इज इन जेपर्डी’. ‘अंडर’ किंवा ‘ॲट’ चालत नाही. दुसऱ्यामुळे धोका आला असेल तर ‘पुट’ घ्या: ‘द डिले पुट द डील इन जेपर्डी’. नाहीतर सरळ क्रियापद: ‘द डिले जेपर्डाइज्ड द डील’. इथे ‘इन’ गळतं, आणि नेमकं तेच काढायला लोक विसरतात.

शब्द वजनदार आहे. चहा उतू जातोय म्हणून हा शब्द वापरू नका, थट्टा करायची असेल तर गोष्ट वेगळी.

‘डबल जेपर्डी’ मात्र जपून वापरा. दोन संकटं एकदम आली म्हणून तसं लिहिलंत, तर वकील भलताच अर्थ घेतील. कायद्यात त्याचा अर्थ एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवणं. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या 1791 च्या पाचव्या दुरुस्तीने त्याला मनाई केली आहे. इंग्लंडमध्येही ही मनाई जुनीच, पण 2003 च्या कायद्याने काही गंभीर गुन्ह्यांपुरती ती सैल केली: सबळ नवा पुरावा सापडला, तर निर्दोष सुटलेल्या माणसावरही पुन्हा खटला उभा राहू शकतो.