छातीच्या आजारातून उठताना कोकणातली हवा कशी सांभाळायची (आणि आधी घरातला धूर कसा शोधायचा)

जानेवारीत न्यूमोनिया झाला, आठ दिवस दवाखान्यात काढून घरी आले. गुहागरच्या बाजूला आमचं घर, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा की इथली हवा चांगली गो, आठवड्यात पळायला लागशील. पळतेय कसली, ओट्यावरून विहिरीपर्यंत जाऊन न धापता परत यायला मला दीड महिना लागला. तर ज्यांच्या घरी आत्ता कोणी न्यूमोनिया, ब्राँकायटिस, फ्लू नाहीतर दम्याच्या अटॅकमधून उठतंय त्यांच्यासाठी लिहितेय. औषधं डॉक्टरांची, मी फक्त हवेचं बोलणार.

आधी एक समजून घ्या. ताप गेला म्हणजे छाती बरी झाली असं नसतं. श्वासनळीच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ आणि धूळ वर ढकलत राहतात, इन्फेक्शनमध्ये तेच झडतात आणि परत यायला काही आठवडे जातात. तोपर्यंत नळी उघडी पडल्यासारखी असते, थोडा धूर, गार वारा, उदबत्ती, काहीही लागलं की खोकला सुरू. न्यूमोनियानंतर खोकला आणि धाप कमी व्हायला साधारण ६ आठवडे धरतात, थकवा ३ महिनेही राहतो. त्यामुळे "अजून खोकते कशी ही" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

पहिलं काम: न्हाणी बघा

माझा खोकला रोज सकाळी साडेसहाला सुरू व्हायचा आणि आठला थांबायचा. मला वाटलं गारठा असेल. मग नवऱ्याच्या लक्षात आलं की माझ्या खोलीची खिडकी न्हाणीच्या बाजूला उघडते. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅस बहुतेक घरात पोचला, स्वयंपाक गॅसवर होतो, पण आंघोळीचं पाणी अजून लाकडांवरच ना. सासूबाई नारळाची अर्धी ओली सोडणं (वरची सालं) चुलीत कोंबायच्या, पिवळट धूर आधी न्हाणीत भरायचा मग भिंतीवरच्या फटीतून सरळ माझ्या उशाशी. सांगितलं तर म्हणाल्या, "अगो, धूर काय आजचा आहे काय, चाळीस वर्षं ह्यातच काढली," आणि हे बोलता बोलता स्वतःच खोकायला लागल्या.

उपाय साधे होते. आजारी माणसाची खोली बदलली, समुद्राकडची दिली. सोडणं पडवीत वाळवून मगच जाळायची, कारण ओलं जळण जास्त धूर करतं. आणि पहिले दोन महिने माझ्यापुरतं पाणी गॅसवर. मच्छर कॉइल तर पूर्ण बंद. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींइतके मोजले होते, वाचल्यावर मी उरलेलं पाकीटच टाकून दिलं, मच्छरदाणी लावली. संध्याकाळची धुरी, धूप, कापूर, हे सगळं अंगणात करा, देव काही रागवत नाही.

चालायला कधी जायचं

पहाटे चालणं चांगलं हे थंडीत आणि छाती नाजूक असताना विसरा. शाळेत खारे वारे, मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे कामाला येतात. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद, आणि थंडीत पहाटे गार हवा खोलगट वाडीत बसून राहते, त्यात सगळ्या घरांच्या चुलींचा धूर आणि कोणीतरी झाडून पेटवलेला पातेरा (सुका पालापाचोळा). माडांच्या मध्यावर निळसर थर दिसतो बघा, लोक त्याला धुकं म्हणतात, अर्धं ते धूरच असतं. ऊन वर आलं की हा थर मोडतो, अकरा-बाराच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटतो आणि हवा धुवून निघते. म्हणून थंडीत साडेनऊनंतर नाहीतर दुपारी चारनंतर चाला. आधी अंगणात ५ मिनिटं, मग रोज थोडं वाढवत, आणि चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर थांबा.

फेब्रुवारीनंतर भाजावळ सुरू होते, म्हणजे भाताची रोपं करायच्या जमिनीवर (राबावर) कवळं म्हणजे तोडलेल्या पाल्याच्या फांद्या, गवत, पातेरा पसरून पेटवतात, शिवाय सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, वणवे. शेती बंद करा असं मी म्हणत नाहीये, पण शेजारी कधी भाजणार ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, त्या दिवशी वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावा किंवा सरळ नातेवाईकांकडे जा. आंब्याच्या बागेत मोहोरावर फवारणी चालू असेल तर तिकडे फिरकूच नका. रुमाल बांधून धूर अडत नाही, ओला केला तरी नाही. एन-९५ मास्क अडवतो, पण त्यात धाप लागत असेल तर लावून चालायला जाऊ नका.

फोनवरच्या एक्यूआयचं, म्हणजे हवा किती खराब ते सांगणाऱ्या आकड्याचं, काय? ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० च्या पुढे खराब. पण आपल्याकडे स्टेशनं लांब लांब, गावाचा म्हणून दाखवतात तो आकडा बऱ्याचदा दूरच्या स्टेशनचा नाहीतर नुसता अंदाज असतो, परसातला पातेरा त्यात दिसत नाही. मुंबईहून निघणाऱ्या चाकरमान्यांनी मात्र निघताना जरूर बघा, आणि हायवेला जिथे कामं चालू आहेत तिथे लाल धुळीत काच खाली करू नका.

पावसात उलटं होतं

जुलैत मला परत सर्दी होऊन छातीत उतरली, तेव्हा हे कळलं. पावसात बाहेरची हवा वर्षातली सगळ्यात स्वच्छ, धूळ धूर सगळं धुऊन जातं, आणि आपण काय करतो तर "गार लागेल" म्हणून दारंखिडक्या लावून आत बसतो. आत चूल, दोरीवर ओले कपडे, भिंतीला काळी बुरशी, कुबट गादी. दमट हवेत गादीतले बारीक किडे आणि बुरशी दोन्ही जोमाने वाढतात, दमेकऱ्याला तर हेच जास्त छळतं. पाऊस उघडला की समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, माणसाला झोताच्या बाहेर बसवून अंगावर चादर द्या. कपडे त्याच्या खोलीत वाळवू नका. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. बुरशी कोरड्या झाडूने खरवडली तर सगळी हवेत उडते, तेव्हा ओल्या फडक्याने साबणपाणी लावून पुसा, पेशंट दुसऱ्या खोलीत. एसी असेल तर ड्राय मोड, फिल्टर धुऊन.

गणपतीच्या आधीची जळमटं आणि रंगकाम हे वेगळंच संकट. त्या दिवसांत आजारी माणसाला शेजारी पाठवा, ताज्या रंगाच्या खोलीत झोपवू नका.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरचा उकाडा म्हणजे घाम जातो, पाणी कमी पडतं, कफ घट्ट होतो. पेज, गुरगुट्या भात, ताक, पाणी चालू ठेवा (हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून). वाफ साध्या पाण्याची घ्या, बाम ढीगभर टाकला तर दमेकऱ्याला उलट त्रास होतो, आणि पातेलं मांडीवर तर अजिबात नको.

काय लिहून ठेवायचं, कधी निघायचं

एका वहीत रोज बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजन, खोकला, आणि त्या दिवशी हवा कशी होती एवढंच लिहा, दोन आठवड्यांत तुमचा धूर कुठला ते दिसतं. बोट गरम असू दे, मेंदी किंवा नेलपॉलिश नको, नाहीतर आकडा चुकतो. नेहमीपेक्षा कमी, ९४ च्या खाली यायला लागला तर डॉक्टरांना फोन, ९२ च्या खाली, ओठ निळे, बसल्या जागी धाप किंवा माणूस बरळायला लागला तर हवा बदलायची वाट बघू नका, १०८ ला फोन लावून ॲम्ब्युलन्स बोलवा. आजारानंतर खोकला रेंगाळतो हे खरं, तरी २ आठवड्यांच्या पुढे गेला तर थुंकीची टीबी तपासणी करा, सरकारी दवाखान्यात फुकट होते. पावसाळ्यात शेतात उतरलेल्याला ताप आणि अंगदुखी असेल तर लेप्टोचंही (उंदरांच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून होणारा ताप) विचारा. पन्नाशीपुढच्यांनी आणि बिडी ओढणाऱ्यांनी ६ आठवड्यांनी परत एक्स-रे लागेल का ते विचारून ठेवा.

आणि लाईट. आमच्याकडे पावसात झाड पडलं की दोन दोन दिवस जाते, तेव्हा औषधाची वाफ देणारं मशीन, नेब्युलायझर, नुसता शोभेला. स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून घेतलेला इनहेलर बहुतेकांना तेवढंच काम देतो आणि त्याला लाईट लागत नाही, तर डॉक्टरांकडून मे महिन्यातच लिहून आणा आणि त्यांच्यासमोर एकदा ओढून दाखवा. मी वर्षभर चुकीचा ओढत होते.