मोठ्या संख्येची उकल कशी करावी: उदाहरण २६,६६,६६४

मोठ्या संख्येचे गुणधर्म शोधायचे तर आधी तिचे मूळ अवयव पाडा. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, पूर्ण वर्ग आहे का, हे सगळं त्यातूनच निघतं. त्यामुळे खरी मेहनत इथेच घ्या.

२६,६६,६६४ चे शेवटचे तीन अंक ६६४. त्यांना ८ ने नि:शेष भाग जातो, म्हणून अख्ख्या संख्येलाही जातो. भागाकार ३,३३,३३३. तो विषम, तेव्हा २ चा विषय संपला. आता अंकांची बेरीज १८, म्हणजे ९ ने भाग जातो, भागाकार ३७,०३७. याच्या अंकांची बेरीज २०, म्हणून ३ ने आणखी भाग जाणार नाही. एकक स्थानी ७ असल्याने ५ चाही प्रश्न नाही.

७, ११, १३ साठी एकच कसोटी पुरते, कारण ७×११×१३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने वजा-बेरीज करा. ०३७ − ३७ = ०, म्हणजे तिन्हींनी भाग जातो. उत्तर ९१ आलं असतं तर फक्त ७ आणि १३ ने गेला असता. ही कसोटी सुरुवातीच्या संख्येवरही चालते, पण तिथे स्वल्पविराम फसवतात. आपण लाख-हजारांप्रमाणे २६,६६,६६४ लिहितो आणि डोळ्यांना दिसतात तेच गट धरतो. गट हवेत २ | ६६६ | ६६४. मग ६६४ − ६६६ + २ = ०.

३७,०३७ ला १००१ ने भागलं की भागाकार ३७ येतो. ३७ चं वर्गमूळ सातपेक्षा कमी आणि २, ३, ५ ने त्याला भाग जात नाही, म्हणून ३७ मूळ. शोध कुठे थांबवायचा हे नेहमी उरलेल्या संख्येच्या वर्गमूळावरून ठरवा. सुरुवातीच्या संख्येचं वर्गमूळ धरलंत तर १६०० च्या पुढपर्यंत विनाकारण भागत बसाल.

अवयव: २×२×२×३×३×७×११×१३×३७.

विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं. २ हा अवयव ० ते ३ वेळा घेता येतो, म्हणजे चार पर्याय. शून्याचा पर्याय विसरला की उत्तर चुकतं. ४×३×२×२×२×२ = १९२. बेरजेसाठी (१+२+४+८)(१+३+९)(८)(१२)(१४)(३८) = ९९,५९,०४०.

एकक स्थानी ४ आहे म्हणून पूर्ण वर्ग समजू नका. त्यासाठी सगळे घातांक सम लागतात. इथे २, ७, ११, १३, ३७ यांचे विषम आहेत, म्हणून किमान ७४,०७४ ने गुणल्यावरच पूर्ण वर्ग होईल.

पडताळा मात्र सुंदर मिळतो. १६३३ चा वर्ग २६,६६,६८९, आपल्या संख्येपेक्षा बरोबर २५ ने जास्त. म्हणून २६,६६,६६४ = (१६३३−५)(१६३३+५) = १६२८×१६३८. आता १६२८ = ४×११×३७ आणि १६३८ = २×९×७×१३; वरचेच सगळे अवयव.